एकोणीस नंबरची झडप

मुलांनो,

गेल्या महिन्यात तुम्ही दोघांनी फोन केलात, तेव्हा मी वाक्यावाक्याला "पुन्हा सांग" म्हणत होते. धाकटा कंटाळला आणि गप्प बसला, ते मला पडद्यावर दिसलं. माझा डावा कान आता गेल्यातच जमा आहे. उजवा चांगला आहे, पण त्या कानाने फोन ऐकायची मला सवय नाही, आणि या वयात ती लागणार नाही. कानात घालायचं यंत्र आणून पाहिलं. त्यात माणसांपेक्षा भांड्यांचाच आवाज जास्त येतो. तेव्हा यापुढे लांबचं बोलणं असलं की ते मी लिहून पाठवीन.

थोरलीने त्या दिवशी दोन प्रश्न विचारले होते. तिचं बाळ अजून रांगायला लागलं नाही आणि तिची नोकरी पुन्हा सुरू झाली आहे. एका हाताने बाळाला थोपटत दुसऱ्या हाताने ती काम करत असते, हे मी पाहते. तिने विचारलं, "आजी, आईला वाढवताना तू नोकरी कशी गं केलीस?" मी काही बोलण्याआधीच दुसरा प्रश्न आला, "आणि तू फोनवर अशी का बोलतेस? बँकेतून बोलल्यासारखी?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच हकिगतीत आहे, म्हणून ती लिहिते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मलाही अवघड गेलं नसतं. नगरला मिशनच्या शाळेत माझं शिक्षण इंग्रजीतून झालं. पण या हकिगतीतली माणसं मराठी बोलत होती. इंग्रजी बोलत होते ती मी एकटी, आणि तेही जेमतेम दोन शब्द.

मी टेलिफोन ऑपरेटर होते हे तुम्हाला माहीत आहे. ते काम म्हणजे नेमकं काय, हे बहुधा माहीत नसेल. सत्तरच्या पुढची ती पहिली वर्षं. आम्ही पारनेरला राहत होतो. पोस्टाच्या मागच्या खोलीत एक्स्चेंज होतं. म्हणजे एक उंच लाकडी बोर्ड, त्यावर गावातल्या प्रत्येक टेलिफोनच्या नंबरचं एक भोक आणि भोकावर पितळेची छोटी झडप. गावात कोणी आपल्या टेलिफोनचं हँडल फिरवलं, की त्याच्या नंबरची झडप खट्‌कन पडायची. मग मी दोरीचा प्लग त्या भोकात घालायचा आणि म्हणायचं, "नंबर प्लीज." त्याने नंबर सांगितला की दुसरी दोरी त्या नंबरात घालायची आणि घंटी वाजवायची. दोघं बोलायला लागले की आपण बाजूला व्हायचं. कोणी बाहेरगावचा नंबर मागितला तर तो ट्रंककॉल. त्यासाठी आधी नगर मिळवावं लागे, आणि नगर मिळता मिळत नसे.

हे काम शिकायला मी पुण्याला गेले होते. तिथे दोन गोष्टी पक्क्या करून घेतल्या. एक आवाज. तो वर चढायचा नाही, खाली उतरायचा नाही, त्यात राग नको आणि लाडीगोडीही नको. पलीकडच्या माणसाला आपण कोण, किती दमलो, सकाळी घरात काय झालं, यातलं काही कळता कामा नये. दुसरी गोष्ट, कानावर जे पडेल ते तिथेच राहिलं पाहिजे. लाइन लागली का हे बघायला मध्ये कान द्यावाच लागतो. त्या वेळी जे ऐकू येईल ते नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. मला दोन्ही जमलं. आवाज तर इतका जमला, की तो काढून ठेवायचा कसा, ते पुढे मला आठवेना.

आता त्या वर्षाविषयी. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. तुम्ही शाळेत दुष्काळ हा शब्द शिकला असाल. आमच्याकडे त्याचा अर्थ असा होता, की सकाळी टँकर आला तर हंडा भरायचा, नाही आला तर कालचं पाणी गाळून वापरायचं. रेशनवर लाल मिलो मिळायची. ती परदेशातून आलेली ज्वारीसारखी धान्याची जात. तिची भाकरी थापताना कडेला चिरा पडत आणि गार झाली की ती पुठ्ठ्यासारखी होई. तुमचे आजोबा ओव्हरसीअर होते, दुष्काळी कामांवर. कुठे पाझर तलाव, कुठे रस्त्याची खडी. शनिवारी संध्याकाळी ते घरी येत, रविवारी संध्याकाळी परत जात. केसांत इतकी धूळ असे, की तुमची आई त्यांना आधी ओळखत नसे आणि माझ्यामागे लपे. त्यांची नोकरी तात्पुरती होती, काम संपलं की संपणारी. माझी पक्की होती. म्हणून ती सोडायचा विचार आम्ही दोघांनीही कधी बोलून दाखवला नाही.

एक्स्चेंजमध्ये दिवसा आम्ही दोघी जणी होतो. दुसरीची नगरला बदली झाली आणि तिच्या जागेवर कोणी आलं नाही. मग सकाळी बोर्डावर बसले, की दिवेलागणीला रात्रपाळीचे गृहस्थ येईपर्यंत मीच. मध्ये मला डबा खाता यावा म्हणून पोस्टातला एक क्लार्क थोडा वेळ बोर्डावर बसायचा, तेही तिकिटांच्या खिडकीवर गर्दी नसली तर. दुष्काळामुळे कॉल एवढे वाढले होते, की झडपांचा आवाज थांबतच नसे. मामलेदार कचेरीला टँकर पाहिजेत, पंचायत समितीला मजुरांची मिलो पाहिजे, व्यापाऱ्याला नगरचा भाव पाहिजे. सगळ्यांना आत्ता पाहिजे. "ऑपरेटरबाई, झोपलात काय?" असं दिवसातून कितीदा तरी ऐकून घ्यायचं आणि त्याच आवाजात म्हणायचं, "लाइन एंगेज आहे, प्लीज."

तुमची आई तेव्हा चार वर्षांची होती. आमच्या शेजारी डॉक्टर राहत, त्यांचा दवाखाना घरातच पुढच्या खोलीत होता. डॉक्टरांच्या पत्नीला ती काकू म्हणे. मी सकाळी तिला त्यांच्याकडे सोडायची आणि संध्याकाळी घेऊन यायची. काकूंना स्वतःचं मूल नव्हतं, आणि त्यांनी कधी उपकाराची भाषा केली नाही. मी घरी आल्यावर चूल, पाणी, भांडी, उद्याची तयारी. तुमच्या आईची वेणी घालत असताना ती काही सांगत असेल, तर माझं "हं, हं" चाले. तिने काय सांगितलं ते पुढच्या क्षणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी तिच्यावर चिडत नव्हते. चिडायला काहीतरी वाटावं लागतं. त्या वर्षी मला काही वाटत नसे. भाजीत मीठ पडलंय की नाही हे चाखूनही कळत नसे. रविवारी चर्चमध्ये उपासनेला सगळे उभे राहिले की मी उभी राहायची, बसले की बसायची.

एका दुपारी एकोणीस नंबरची झडप पडली. एकोणीस म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना. दुपारी तो बंद असे, डॉक्टर खेड्यांवर जात आणि काकू जेवून आडव्या होत. मी प्लग घातला. "नंबर प्लीज."

पलीकडे नुसता श्वास. मग एक बारीक आवाज, "चार."

मला तो आवाज ओळखायला वेळ लागला नाही. कोणी विचारलं की आपलं वय सांगायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. चार नंबर मामलेदार कचेरीचा होता. हात सवयीने तिकडे गेला होता, तो मी मागे घेतला.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"ऑपरेटर."

"तुम्ही याच्यात बसता?"

माझ्या पाठीमागे, उघड्या दारातून दिसतील असे, पोस्टमास्तर बसलेले होते. बोर्डावर घरगुती बोलणं झालेलं त्यांना चालत नसे आणि ते बरोबरच होतं. मी म्हटलं, "हो." तेवढ्यात आणखी एक झडप पडली. मी म्हटलं, "थँक यू," आणि प्लग काढला.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा एकोणीस. तिसऱ्या दिवशीही. टेलिफोन भिंतीवर होता. पेशंटला तपासायच्या टेबलावर चढता यावं म्हणून ठेवलेलं एक लाकडी स्टूल होतं, ते ओढत नेऊन ती त्यावर चढत असे. मी "नंबर प्लीज" म्हणायची आणि ती सांगू लागायची. काकूंनी गूळपोळी केली. मांजरीला पिल्लं झाली, ती औषधांच्या खोक्यात आहेत. पप्पा शनिवारी येणार, पण ते आधी पांढरे असतात आणि धुतले की पप्पा होतात. मी मध्येमध्ये "हो" म्हणायची. लाइन फार वेळ अडवता येत नसे. "थँक यू" म्हटलं की तिला कळायचं की संपलं, आणि ती शहाण्यासारखी टेलिफोन ठेवायची.

तुम्ही विचाराल, मी तिला सांगितलं का नाही, की अगं, मी तुझी आई आहे. पहिल्या दिवशी पोस्टमास्तर होते म्हणून. नंतर, मला वाटतं, सांगण्यासाठी जो दुसरा आवाज लागला असता तो तिथे बसल्यावर माझ्यापाशी नसे. आणि एक होतं. घरी ती मला हे सगळं सांगत नसे.

एकदा वेणी घालताना तिनेच विषय काढला. "आई, टेलिफोनच्या बाईंना ओळखतेस?"

"ओळखते."

"कशा आहेत?"

"कामात असतात."

"त्या कधीच ओरडत नाहीत," ती म्हणाली. "मी काही सांगितलं की म्हणतात, हो."

मी वेणीला रिबन बांधली.

त्याच सुमाराला माझ्या सासूबाई आल्या. त्या राहुरीच्या बाजूला पाटाच्या पाण्याखालच्या गावात राहत. तिथे दुष्काळातही ऊस उभा होता आणि म्हैस दुभती होती. येताना त्यांनी खव्याची वडी, गूळ आणि हातभर लांब कणसं आणली होती. नातीला जवळ घेतलं, तिचे दंड दाबून पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लेकराच्या अंगावं मास न्हाई ऱ्हायलं. हितं पानी न्हाई, दूध न्हाई, आन्‌ माय बी न्हाई. मी घिऊन जाते. साळंत घालायच्या टायमाला आनून सोडीन."

मी म्हटलं, "विचार करून सांगते."

"कर की. तुझं त्ये टेलिफोनचं लेकरू लई रडतंया, त्याला गप कर आन्‌ मग कर." त्या टोमणा मारत, पण मारता मारता माझ्या हातातली भांडी घेऊन घासायला बसत. तुमचे आजोबा आले की रविवारी ठरवू, असं ठरलं.

सासूबाई घरी होत्या तरी तुमच्या आईची दुपारची वाट ठरलेली होती. मांजरीची पिल्लं होती ना. बुधवार असेल किंवा गुरुवार. एकोणीसची झडप पडली.

"बाई, एक सांगू? आईला नका सांगू."

"हो."

"मला आजीकडे जायचंय. आजी सकाळी पण घरी असते, दुपारी पण असते. म्हशीला रेडकू आहे." मग म्हणाली, "पण मी गेले तर आई एकटीच राहील. म्हणून मला विचारलं ना, तर मी नाही म्हणणार आहे."

त्या वेळी माझ्यासमोर तीन झडपा पडलेल्या होत्या. मी "थँक यू" म्हटलं, आणि तिन्ही कॉल जोडून दिले. एक व्यापाऱ्याचा होता, तो लाइन उशिरा मिळाली म्हणून बोलत राहिला. त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. जे द्यायचं असतं तेच दिलं असेल.

शुक्रवारी मात्र घोटाळा झाला. डब्याच्या वेळी मी उठले होते आणि क्लार्क बोर्डावर बसला होता. एकोणीसची झडप पडली, त्याने नंबर विचारला, तुमच्या आईने नेहमीप्रमाणे "चार" सांगितलं, आणि त्याने इमानदारीत कचेरी जोडून दिली. संध्याकाळी कचेरीतले अव्वल कारकून स्वतः पोस्टात आले. माणूस विनोदी होता. पोस्टमास्तरांच्या टेबलाला टेकून त्यांनी सगळं संभाषण आवाज काढून करून दाखवलं.

"मी म्हणतो, हॅलो, कचेरी. तर तिकडनं आवाज, ‘बाई कुठे गेल्या?’ मी म्हटलं, इथं बाई नाहीत, काय काम आहे? ‘टँकर आला नाही.’ म्हटलं, कुठला टँकर? ‘पाण्याचा. काकूंचा हंडा रिकामा आहे.’ आता आम्हाला दिवसभर टँकर सोडून दुसरं ऐकू येतंय का? मी कागद ओढला. म्हटलं, किती पाहिजेत? ‘चार!’ अहो, आख्ख्या तालुक्याला चार मिळायची मारामार, आणि ही एका हंड्याला चार मागते!"

पोस्टातले सगळे हसले. पोस्टमास्तरही हसले. कारकून गेल्यावर चष्मा पुसत ते मला म्हणाले, "ऑपरेटरबाई, उद्या हा माणूस न हसणारा निघाला तर तक्रार वरपर्यंत जाईल. डॉक्टरांना म्हणावं, यंत्र पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका."

मी काकूंना निरोप दिला. त्यांना दुपारची ही भानगड ठाऊकच नव्हती. त्यांनी स्टूल उचलून औषधांच्या कपाटावर ठेवलं. आणि हसत मला सांगितलं, "अगं, मी तिला म्हटलं, वेडाबाई, ती बाई म्हणजे तुझी आईच आहे! तर म्हणते कशी, नाही. आई अशी बोलत नाही. मी म्हटलं, मग कशी बोलते? तर म्हणाली, आई बोलतच नाही, तिला काम असतं." काकू हसता हसता मध्येच थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लहान आहे गं. काहीही बोलते."

"हो," मी म्हटलं.

रविवारी जेवणं झाल्यावर तुमच्या आजोबांनी मुलीला मांडीवर घेतलं. "बोला राणीसाहेब. आजीकडे जायचं, की इथे राहायचं?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही जायचं."

"का गं? म्हैस आहे, ऊस आहे."

"नाही जायचं म्हणजे नाही."

आजोबा सुटल्यासारखे हसले. त्यांना तेच हवं होतं. सासूबाईंचा चेहरा पडला. "लेकराला मायची ओढ असनारच," त्या म्हणाल्या, आणि आपल्या लुगड्याची घडी करायला लागल्या. निकाल लागला, असंच सगळ्यांनी धरलं.

मी म्हटलं, "तिला घेऊन जा."

"अगं, ती नाही म्हणतेय," आजोबा म्हणाले.

"ऐकलं मी. तरी घेऊन जा. उद्याच्या पहिल्या गाडीने गेलात तर ऊन लागणार नाही."

आजोबांनी कारण विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. कानावर पडलेलं सांगायचं नसतं, आणि तिने तर मुद्दाम सांगू नका म्हटलं होतं. मी ट्रंक ओढली आणि तिचे फ्रॉक काढायला लागले. सासूबाईंना हवं ते मिळालं होतं, पण त्या खूश झाल्या नाहीत. "पोरी, तुझ्या डोळ्याला पानी कसं गं न्हाई?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "पाणी कुणाकडेच नाही सध्या." हा विनोद होता की काय होतं, मला सांगता यायचं नाही. कोणी हसलं नाही. तुमची आई आजोबांच्या मांडीवर बसून माझ्या हातांकडे बघत होती. तिने हट्ट केला नाही, रडलीही नाही.

सकाळी मला रजा नव्हती. बदली माणूसच नव्हता. मी तिचे केस विंचरले, तिला दूध दिलं आणि ड्यूटीवर गेले. आजोबा त्या रविवारी परत गेले नव्हते, दोघींना गाडीत बसवून मग आपल्या कामावर जाणार होते. पारनेरहून नगर, नगरहून राहुरी.

बोर्डावर बसून थोडा वेळ झाला असेल. एकोणीसची झडप पडली. दवाखान्याची वेळ होती. मला वाटलं डॉक्टर असतील.

"नंबर प्लीज."

आधी काकूंचा आवाज दूरून आला, "लवकर बोल हं, गाडी चुकेल." त्यांनी कपाटावरचं स्टूल काढून दिलं असणार.

"बाई, मी चालले. आजीकडे."

"हो."

"आईनेच पाठवलं. मी तिला सांगितलं नव्हतं." मग तिने आवाज अगदी लहान केला. "बाई, आईला एक सांगाल? ती डबा खात नाही. रोज तसाच घरी आणते. मग रात्री आम्ही तोच खातो. तिला म्हणावं, मी नाहीये, तर आता दुपारीच खाऊन टाक."

पोस्टमास्तर मागे होते. नगरची लाइन मिळाली होती आणि कचेरीचा माणूस धरून बसला होता. मला जी वाक्यं शिकवली होती त्यांत याला उत्तर असं नव्हतं.

मी म्हटलं, "निरोप देते."

"नक्की?"

"नक्की."

"थँक यू," ती म्हणाली, अगदी माझ्यासारखं, आणि टेलिफोन ठेवला. मी प्लग काढला, झडप वर केली आणि कचेरीला नगर दिलं.

त्या दुपारी क्लार्कला बोर्डावर बसवून मी डबा उघडला. मिलोची भाकरी आणि सासूबाईंनी करून ठेवलेला ठेचा. मी खाल्लं. तिखट लागलं. बऱ्याच दिवसांनी एखादी गोष्ट तिखट लागली, म्हणून ते लक्षात राहिलं. त्यानंतर मी रोज दुपारी डबा खात होते.

पुढचं थोडक्यात लिहिते. पाऊस झाला, दुष्काळी कामं बंद पडली, आजोबांना दुसरीकडे नोकरी मिळाली. शाळेत घालायच्या वेळी सासूबाईंनी शब्दाप्रमाणे तुमच्या आईला आणून सोडलं. ती गुटगुटीत झाली होती आणि "लई", "न्हाई" बोलत होती. पहिले काही दिवस माझ्याशी पाहुण्यांशी वागावं तशी वागली. पाणी हवं असलं तरी विचारून घेई. मग ते गेलं. माझ्या जोडीला नवीन ऑपरेटर आली होती, त्यामुळे दुपारी मी घरी असायची. दुपारी घरात दोघीच असलो तरी आम्ही फार बोलत नव्हतो. ती अभ्यास करायची, मी निवडण-टिपण करायची.

नंतर माझी नगरला बदली झाली. तिथलं एक्स्चेंज मोठं होतं, ओळीने बसणाऱ्या मुली होत्या. तुमची आई दहाएक वर्षांची असेल. एकदा घराची किल्ली माझ्याबरोबर आली, म्हणून ती शाळा सुटल्यावर ती घ्यायला आली. आमच्या सुपरवायझरबाईंनी तिला आत येऊ दिलं. ती माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली. मला माहीत नव्हतं. मी एक कॉल घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. वळून पाहिलं तर ती उभी. मी किल्ली दिली. ती लगेच गेली नाही. माझी ड्यूटी संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

घरी येताना ती माझ्या शेजारून चालत होती. मग म्हणाली, "पारनेरच्या त्या बाई तूच होतीस."

"हो."

"काकू सांगत होत्या, ते खरंच होतं तर." पुढे काही पावलं गेल्यावर, "म्हणजे मला जायचं होतं, हे तुला माहीत होतं."

"हो."

"आजीला सांगितलंस?"

"नाही. ऐकलेलं सांगायचं नसतं."

तिने मान हलवली. समोरून टांगा आला, आम्ही बाजूला झालो.

"आणि डब्याचा निरोप? तो मिळाला होता?"

"मिळाला होता."

"मग खाल्लास?"

"खाल्ला."

"सगळा?"

"अर्धी भाकरी उरली होती."

"बरं," ती म्हणाली. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही घरी आलो. हा विषय पुन्हा कधी निघाला नाही. तुम्हाला हे लिहू का, असं मी तिला गेल्या आठवड्यात विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "लिही. पण भाकरीचंही लिही."

थोरले, तू विचारलंस की मी कसं केलं. मी असं केलं. ते बरोबर होतं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही, आणि तुझ्या कामाचं मला फारसं कळत नाही, म्हणून तुला सल्लाही देत नाही. दुपारी जेवत जा, एवढंच म्हणेन.

पारनेरचं ते एक्स्चेंज केव्हाच बंद झालं. बोर्ड भंगारात गेला असं ऐकलं. डॉक्टर आणि काकू दोघेही आता नाहीत. दवाखाना मोडताना काकूंनी ते स्टूल तुमच्या आईसाठी आमच्याकडे पाठवून दिलं होतं. ते आहे. त्याचा एक पाय मी नंतर बदलून घेतला. सध्या ते स्वयंपाकघरात असतं आणि वरच्या फळीवरचे डबे काढायला मी ते वापरते.